फुलकोबीच्या वावरात शांतता राखा

साहेब, शालिकरामची फुलकोबी तुम्ही खाल्ली! रोह्यांनी, म्हणजे नीलगाईंनी, नुसती चावली.

किन्हीराजा गावाकडचा हा साधा भाजीवाला शेतकरी. अर्धा एकर फुलकोबी, वावराला लागून टेकडी. तिथं तुम्ही वनखात्यातर्फे निसर्ग पर्यटन आणलं, तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या त्यानंच वाजवल्या. बायकोला म्हणाला, "आवडे, आता बाजारात जातोच कायले? शहरातले लोक धुऱ्यावर येऊन कोबी नेतीन!"

खोटं कशाला बोला, फायदा झाला. टेकडीवरची कुऱ्हाड थांबली, फासे लावणारे पळाले, पाणवठ्यात उन्हाळाभर पाणी राहिलं. गावातल्या भागिरथाबाईच्या भाकरी-ठेच्यापुढं रांग लागली. पण पाहुण्यांना बसायला मचाण कुठं बांधलं? शालिकरामच्या धुऱ्याला, वावराच्या बांधालाच चिकटून! खाली फलक: 'शांतता राखा.'

अहो, भाजीची राखण म्हणजेच बोंब! पहाटे डबा बडवायचा, "हुर्रेऽ हो!" करायचं, की रोही टेकडीवर पसार. तुमच्या चौकीदारानं डबाच जप्त केला! पंधरा दिवसांत रोह्यांची भीड चेपली. एका सकाळी अकरांचा कळप, लग्नाच्या पंगतीला यावा तसा, कोबीत उतरला.

ओरडायला बंदी! शालिकराम मुकाट्यानं दोन्ही हात हलवत, उड्या मारत धावू लागला. मचाणावर कॅमेरे खटाखट!

"अय्या, लोकनृत्य!" एक बाई कुजबुजली.

"नाच नाही बाई, माही कोबी चालली!"

"श्श्श! हळू बोला ना दादा, जातील ते!"

"जावं म्हणूनच तं नाचून राह्यलो!"

तेवढ्यात आवडाबाई न्याहारी घेऊन आली. नवरा नुसता उडतोय, तोंडातून आवाज नाही! तिनं भाकरी टाकली अन् ठणाणा केला, "धावा होऽ! यायले इच्चू चावला!"

"इच्चू नाही व, पर्यटन चावलं!"

पण कळप उधळला होता. उरलीसुरली कोबी तुडवत गेला. पाहुणे चिडून उतरले, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या वावरातच फेकल्या अन् तुमच्याकडं तक्रार केली. लगेच गाडी आली तुमची! मागं रानडुकरांनी मिरची उपटली, तेव्हा महिनाभर फिरकला नव्हतात.

"आवाज कोणी केला?" तुम्ही गरजलात.

"म्या केला," आवडाबाई म्हणाली. "फाशी देता काय?"

"यापुढं इथं कोणी तोंड उघडायचं नाही!"

"बरं साहेब," शालिकराम हात जोडून म्हणाला, "मंग रोही कोबी खातीन."

वहीतून मान वर न करता तुम्ही म्हणालात, "तेही चालणार नाही. वन्यप्राण्यांना खाऊ घालायला सक्त मनाई आहे!"

साहेब, अर्ध्या एकरात सतरा गड्डे उरलेत. उद्या पहाटे रोही येणार. तेव्हा शालिकरामनं ओरडायचं का गप बसायचं? आज दिवस मावळायच्या आत सांगा.

अन् जरा मोठ्यानं बोला!