चौदा प्रॉक्सिमोची सुट्टी

पुष्करच्या साखरपुड्याची तारीख दोनदा पुढे गेली होती, आणि दोन्ही वेळा कारण एकच होतं: सांवेर रोडवरच्या पंपांच्या कारखान्यात त्याला सुट्टी मिळाली नव्हती. तिसरी तारीख पुढच्या महिन्याची चौदा ठरली. राऊ गावाहून त्याच्या होणाऱ्या बायकोने, निधीने, फोनवर स्पष्टच सांगितलं, "इस बार भी टला ना, तर पप्पा दुसरा मुलगा बघणार आहेत. आणि मी त्यांना थांबवणार नाही."

साहेबांना मेसेज करायला पुष्करने मोबाईल काढला, तोच आजोबांनी तो हातातून काढून घेतला. शरदचंद्र आबांनी कापड मिलच्या ऑफिसात छत्तीस वर्षं पत्रं लिहिली होती.

"मेसेजवर सुट्टी मिळते का रे? म्हणून तर दोनदा रिजेक्ट झाली. अर्ज कसा वजनदार पाहिजे. पेन आण."

आबांनी वळणदार अक्षरात दोन पानी इंग्रजी अर्ज लिहिला. साखरपुड्याला 'बिट्रोथल' म्हटलं, येत्या चौदा तारखेला 'फोर्टीन्थ प्रॉक्सिमो' म्हटलं, साहेबांच्या कृपेची, म्हणजे 'बिनाइन इंडल्जन्स'ची, भीक मागितली आणि शेवटी पुष्करला त्यांचा 'मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट' करून सोडलं.

"गोऱ्या साहेबाच्या जमान्यातली भाषा आहे," आबा म्हणाले. "याला कोणी नाही म्हणत नाही."

पुष्करला त्यातलं फक्त स्वतःचं नाव कळलं.

अर्ज एचआरच्या ईशाकडे गेला. तिने दोनदा वाचला, मग त्यावर मोबाईलचा कॅमेरा धरून अर्थ शोधायचा प्रयत्न केला, पण आबांच्या अक्षरापुढे कॅमेऱ्यानेही हात टेकले. या ऑफिसची एक रीत होती. इंग्रजी कळलं नाही असं कोणी कबूल करत नसे. कागदावर 'प्लीज डिस्कस' लिहून तो वर सरकवत. वरचा मात्र कधी डिस्कस करत नसे, कारण त्यालाही कळलेलं नसे. ईशाने 'प्लीज डिस्कस' लिहिलं आणि अर्ज मालकांच्या टेबलावर ठेवला.

मालक यशवर्धनजींना अर्जातले दोनच शब्द नीट कळले: 'बेग' आणि 'सर्व्हंट'. त्यांनी ईशाला आत बोलावलं.

"ईशाजी, ये लड़का कोर्ट जा रहा है क्या? ऐसी इंग्लिश तो सिर्फ वकील लिखते हैं."

"लगता तो वैसा ही है, सर," ईशा म्हणाली. नाही म्हणायला आधी अर्ज समजायला हवा होता.

मग कंपनीचे वकीलसाहेब आले. त्यांनी चष्मा लावून अर्ज वाचला, तीनदा मान हलवली आणि "मामला सीरियस है" म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुष्करच्या घरी चार पानी उत्तर आलं. त्यात 'हिअरइनबिफोर' हा कोर्टातला शब्द अकरा वेळा होता आणि खाली ईशाने हिंदीत लिहिलं होतं, की निकाल लागेपर्यंत पुष्करने कामावर येऊ नये. चार दिवसांची सुट्टी मागितली होती, नोकरीच टांगणीला लागली. बिनानोकरीच्या मुलाला निधीच्या पप्पांनी दारातसुद्धा उभं केलं नसतं.

आबांचे डोळे मात्र उत्तर वाचून भरून आले. "काय भाषा आहे! मला वाटलं अशी माणसं संपली."

"आबा, पण लिहिलंय काय?"

"ते सोड. आपण सहा पानी जवाब देऊ."

सहावं पान सुरू व्हायच्या आत, पुष्करच्या फोनवरून सगळं कळलेली निधी स्कूटीवरून येऊन थडकली. तिने अर्ज आणि उत्तर दोन्ही उचललं, पुष्करला मागे बसवलं आणि थेट कारखान्यात मालकांच्या केबिनमध्ये शिरली. वकीलसाहेब आणि ईशा तिथेच होते. निधीने अर्ज टेबलावर ठेवला.

"सर, इसमें लिखा क्या है?"

यशवर्धनजींनी वकिलांकडे पाहिलं, वकिलांनी ईशाकडे, आणि ईशाने जमिनीकडे.

"आप ही बताइए ना," वकीलसाहेब शेवटी म्हणाले.

"मुझे तो नहीं समझा," निधी म्हणाली.

हे वाक्य त्या ऑफिसात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं आणि छप्पर काही कोसळलं नाही. यशवर्धनजींनी सुस्कारा सोडला. "मुझे भी नहीं." मग इतर दोघांनाही धीर आला.

निधीने आबांना फोन लावून स्पीकरवर टाकला. "आबा, प्रॉक्सिमो म्हणजे काय हो?"

पलीकडे आबा खाकरले. "येणारा महिना... असावा. मिलच्या जुन्या फाइलीतून उतरवायचो मी."

"कुणाला विचारलं नाही?"

"हेडक्लार्कला विचारायची कोणाची टाप होती? आणि त्याला तरी कुठे येत होतं!"

"मग साहेबांना कळायचं कसं?"

"कळायला कशाला पाहिजे? मंजूर व्हायचं!"

निधीने एका वाक्यात साखरपुडा, तारीख आणि सुट्टीचे दिवस सांगितले. यशवर्धनजींनी लगेच सुट्टी मंजूर केली, नोकरीही परत दिली आणि स्वतःच राऊला यायचं कबूल केलं.

चौदा तारखेला अंगठ्या घालून झाल्या आणि यशवर्धनजींनी पुष्करच्या हाती जाडसर पाकीट दिलं. आत कंपनीच्या लेटरहेडवर तीन पानी इंग्रजी पत्र होतं. पुष्करने वाचलं. त्याचा चेहरा उतरला. ही बढती होती की कंपनीच्या मानपूरच्या गोदामावर बदली, काही उमगेना. त्याने पत्र आबांना दिलं. आबांनी दोनदा वाचलं, "वा!" म्हणाले आणि घाईघाईने निधीकडे दिलं.

निधी पत्र घेऊन सरळ पंगतीत गेली. "सर, इसमें लिखा क्या है?"

यशवर्धनजींनी तोंडातला घास गिळला.

"मुझे क्या मालूम? वकील साहब ने लिखा है, मैंने तो बस साइन किया."