एक लादी, काचेसारखी

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून संस्कृतीनं पुण्याहून आईवडिलांना एक खोकं पाठवलं. वाल्मिकरावांना वाटलं, मिक्सर असेल. आरतीबाईंना वाटलं, भिंतीवरचं घड्याळ असेल. आतून निघाला चकचकीत स्टीलचा कॉकटेलचा शेकर, एक गाळणी, एक लांब दांड्याचा चमचा आणि चिठ्ठी: 'पप्पा, नुसते व्हिडिओ किती दिवस बघणार?'

पोरीचं खरंच होतं. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं उसाच्या रसाचा गोडवा मोजून वाल्मिकराव राहात्याजवळच्या आपल्या पेरूच्या बागेत परतले होते, पण मोजायची खोड हाताला तशीच राहिली होती. दारूचं त्यांना वेड नव्हतं. वर्षातून दोनदा, तीही मित्राच्या मळ्यात. मात्र मोबाईलवर कुणी कॉकटेल करायला लागलं, की ते जेवण विसरायचे. शेकर खांद्यापाशी धरून खळखळ हलवायचा, मग उंचावरून धार सोडायची. आपल्या बागेतल्या पेरूचंही कधीतरी असं सोनं करावं, हे त्यांच्या मनात दोन वर्षं घोळत होतं.

"आज करू या," ते म्हणाले. "तू आन् मी. माडीवर."

"मी?" आरतीबाईंनी आधी दाराकडं बघितलं आणि मग हळूच विचारलं, "लई कडू लागतं का हो?"

"पेरू हाय त्यात. कडू कसं लागंल?"

"करा मग. पण आक्कांना कळलं ना, तर सव्विसावं वर्ष मी माहेरी काढीन."

आक्का म्हणजे वाल्मिकरावांच्या आई, आक्काबाई. वय ब्याऐंशी. कानांनी जरा मंद, पण जे ऐकू जाऊ नये ते नेमकं ऐकू जायचं. दुपारी जेवून त्या दोन तास झोपत. तेवढ्यात उरकून टाकायचं ठरलं.

अडलं ते बर्फापाशी. सकाळपासून लाईट नव्हती, फ्रीजमधल्या बर्फाचं पाणी झालं होतं आणि बाहेर ऑक्टोबरचं ऊन रटरटत होतं. शिवाय व्हिडिओत सांगितलं होतं, की बर्फ काचेसारखा नितळ हवा. वाल्मिकरावांनी राहात्याच्या बर्फवाल्या छगनला फोन लावला. आक्काबाईंची खाट भिंतीपलीकडंच होती, म्हणून आवाज अगदी खाली.

"छगन, बर्फ पाहिजे होता. एकदम नितळ."

"नितळ पाहिजे तर लादीच घ्यावी लागंल. पन तुमी एवढं हळू का बोलताय?"

"आक्का झोपलीय ना."

"आक्का? कधी?"

"आत्ताच. जेवली, पान खाल्लं आन् आडवी झाली."

"तरास न्हाई ना झाला काही?"

"तरास कसला? पडल्या पडल्या."

"पुन्यवान बाई," छगन म्हणाला. "मालक, तुमी आता काही बोलू नका. आलोच लादी घिऊन."

एका बर्फवाल्यानं आपल्या आईच्या झोपेची इतकी मायेनं चौकशी करावी, याचं वाल्मिकरावांना फार कौतुक वाटलं.

आता वस्तीवर बर्फाची आख्खी लादी येते ती एकतर लग्नात, नाहीतर लांबचे पाहुणे पोहोचेपर्यंत मयत ठेवायला. वाल्मिकरावांच्या घरी लग्न नव्हतं. त्यामुळं पोत्यात गुंडाळलेली, भुशात माखलेली लादी घेऊन छगनचा टेम्पो फाट्यावरून वळला, तेव्हा चहाच्या टपरीवरच्या माणसांनी कप खाली ठेवले.

छगननं चपला फाटकाबाहेर काढल्या. टोपी हातात घेतली.

"कुठं ठिवायची?"

"माडीवर."

"वर? खाली ठिवली असती तर बरं झालं असतं. मान्सं येतील आता."

"मान्सं कशाला? आमी दोघंच हाय. कुनाला कळवलं न्हाई."

छगननं मालकाकडं असं बघितलं, जणू दुःखानं माणूस कुठल्या थराला जातो हे त्याला आज कळलं. "कळवावं लागतंय, मालक," तो हळूच म्हणाला, लादी वर चढवली आणि डोळे पुसत निघून गेला. कळवण्याचं काम त्यानं स्वतःकडंच घेतलं.

दहा मिनिटांत गावच्या ग्रुपवर आक्काबाईंचा फोटो झळकला. ऐंशीव्या वाढदिवसाचा होता, तोंडात केक होता, पण खाली दोन्ही बाजूंना दिवे लावल्यामुळं गंभीर वाटत होता. वाल्मिकरावांना याचा पत्ता नव्हता. व्हिडिओत कुणाचा व्यत्यय नको म्हणून त्यांनी फोनची सगळी खणखण बंद करून ठेवली होती.

माडीवर काम मन लावून चाललं होतं. पिकल्या पेरूचा गर गाळून झाला. लिंबू पिळलं. गुळाचा पाक मोजून घातला. हिरवी मिरची उभी चिरून टाकली, आणि शेवटी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बाटलीतली पांढरी रम. लादीचे तुकडे फोडून शेकरमध्ये भरले, झाकण दाबलं आणि वाल्मिकरावांनी तो खांद्यापाशी नेला.

"बघ हं," ते म्हणाले, आणि पंचवीस वर्षांत आरतीबाईंनी त्यांना एवढं खूश पाहिलं नव्हतं.

हलवून झालं. शेकर बाहेरून पांढरा पडला, हाताला चटके बसावेत इतका गार झाला. पण झाकण निघेना. पिळून बघितलं, ओढून बघितलं, गुडघ्यात धरून आरतीबाईंनी एका बाजूनं आणि त्यांनी दुसऱ्या बाजूनं जोर लावून बघितलं. कपाळावरचा घाम वाल्मिकरावांनी हातानं पुसला, तोच मिरचीचा हात डोळ्यांना लागला.

"आई गंऽऽ!"

खाली अंगणात तोवर तीस-चाळीस माणसं जमली होती. वरून आलेली ती हाक ऐकून सगळ्यांनी माना वर केल्या.

"आईला हाक मारतोय बिचारा," कुणीतरी म्हणालं.

मग 'ठण्, ठण्' असा आवाज सुरू झाला. वाल्मिकराव डोळे मिटून शेकर भिंतीवर आपटत होते.

"अरं, डोकं आपटून घेतोय भिंतीवर! पळा!"

शेजारच्या मळ्यातले सहादेव पाटील सगळ्यांत आधी माडीवर पोचले. समोर वाल्मिकराव लालभडक डोळ्यांनी घळाघळा रडत होते, आणि शेजारी आरतीबाई तोंडाला पदर लावून गदगदत होत्या. त्या हसत होत्या, पण पदराआड ते कुणाला दिसणार? सहादेवांनी वाल्मिकरावांना शेकरसकट मिठीत घेतलं.

"रडून घ्या, वाल्मिकराव. मोकळं व्हा."

"पानी," वाल्मिकराव म्हणाले.

"पाजलं असतं हो शेवटचं पानी, पन त्यांनी वेळच कुठं दिला?"

"मला! डोळ्यात मिरची गेलीय माझ्या!"

एवढ्यात खाली जीप थांबली. कोपरगावहून आक्काबाईंची धाकटी बहीण, लंकाबाई, आली होती. एका लग्नात मानाची साडी हलकी दिली म्हणून तिनं थोरल्या बहिणीशी बोलणं टाकलं होतं, त्याला अकरा वर्षं झाली होती. आता ती फाटकापासूनच ऊर बडवत आली, थेट आतल्या खोलीत शिरली, मागोमाग बायका धावल्या, आणि ती खाटेवर कोसळली.

"अगं आक्के! माझ्याशी न बोलताच गेलीस गं! साडी चांगली हुती गं, माझंच डोकं फिरलं हुतं!"

आक्काबाई दचकून उठल्या. खोलीभर बायका, दारात पुरुष, आणि अंगावर बहीण.

"काय झालं?" त्यांनी घाबरून विचारलं. "कोन गेलं?"

लंकाबाईनं ऊर बडवायचं थांबवलं. "तू," ती म्हणाली.

"मी?" आक्काबाईंनी सगळ्यांकडं एकदा नीट बघितलं. "मला कुनी सांगितलं न्हाई."

दारातला कुणीतरी फिस्सकन हसला, आणि मग सगळं अंगण हसायला लागलं. हसला नाही तो फक्त माणसांबरोबर परत आलेला छगन. मग लादी कशाला, हे बघायला तो लगबगीनं माडीवर गेला. वाल्मिकरावांच्या हातातला अडकलेला शेकर त्यानं कोमट पाण्यात धरला आणि झाकण अलगद काढलं. गार पडून धरलेलं पत्र्याचं झाकण कसं सुटतं, हे बर्फवाल्याला सांगावं लागत नाही. आतला वास नाकात शिरला, तसा तो थबकला.

"यासाठी हुती का लादी?"

"व्हय," वाल्मिकराव डोळे चोळत म्हणाले.

"मग तसं सांगायचं ना, मालक! मी टेम्पोत एवढा रडलो!"

आरतीबाईंनी शेकर पदराखाली घेऊन कपाटात नेऊन ठेवला. पण आलेल्या माणसांना उन्हात तसंच कसं पाठवायचं? लादी तर जवळजवळ आख्खीच होती. बागेतून दोन पाट्या पेरू आले, गर निघाला, आणि दुधाच्या किटल्यांत बर्फ, लिंबू, गूळ घालून रडायला आलेले चार दांडगे पुरुष अंगणात किटल्या हलवत उभे राहिले. वाल्मिकराव त्यांच्यामधून फिरत होते. "खांद्यापाशी धरा, सहादेव. मनगट ढिलं सोडा." या किटल्यांत रमचा थेंब नव्हता, पण असा मान त्यांना कारखान्यातही कधी मिळाला नव्हता.

ओट्यावर लंकाबाई मात्र पाठ फिरवून बसली होती.

"आता बोललीस ना माझ्याशी?" आक्काबाई म्हणाल्या.

"वाल्मिक, तुझ्या आईला सांग," लंकाबाई गरजली, "मी मयताशी बोलले. जित्या मानसाशी न्हाई."

"वाल्मिक, तिला सांग, सरबत घे म्हनावं. उन्हातून आलीय."

"सांग तिला, मीठ कमी हाय."

वाल्मिकराव मीठ आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले, ते तिथंच थांबले. आरतीबाईंनी दार लोटून घेतलं, कपाटातला शेकर काढला आणि दोन स्टीलच्या पेल्यांत ओतला. दोघांनी उभ्याउभ्याच घोट घेतला. आरतीबाईंनी डोळे मिटले. वाल्मिकरावांचा जीव टांगणीला लागला.

"कसं झालंय?"

"बोलू नका हो," त्या म्हणाल्या. "लागू द्या जरा."

ऊन कललं तशी माणसं पांगली. जीपवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. लंकाबाई उठली, पदर खोचला आणि पायरीपर्यंत गेली.

"वाल्मिक," आक्काबाई मागून म्हणाल्या, आवाज जरा ओलाच होता. "तिला इचार, मी खरंच गेले तर पुन्हा येशील का म्हनावं."

लंकाबाई पायरीवर थांबली. मग वळली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तिनं बहिणीच्या तोंडाकडं सरळ बघितलं.

"दोन-दोनदा कोन येतंय कोपरगावहून?" ती म्हणाली. "राहतीय आत्ताच चार दिवस."

आणि तिनं जीपवाल्याला हातानंच, जा म्हणून सांगितलं.