पुढच्या टाकीचा पंप

हार्लन ट्वेटच्या जुन्या पिकअपला पेट्रोलच्या दोन टाक्या होत्या; तो पुढच्या टाकीवर बंद पडायचा आणि मागच्या टाकीवर मजेत पळायचा. एवढ्यावरून दुखणं कुठे आहे ते कुणीही ओळखलं असतं. पण हार्लनला आपण ‘कुणीही’ आहोत हेच मान्य नव्हतं. उभा जन्म त्याने गावच्या धान्यकोठारावर यंत्रं सांभाळली होती आणि जगातलं झाडून सगळं लोखंड आपल्याला टरकून असतं, अशी त्याची समजूत होती. या समजुतीशी त्याची बायको आर्डिस लग्नापासून संसार करत होती.

"प्लग गेलेत," तो म्हणाला. प्लग बदलले. पुढच्या टाकीवर गाडी गावाबाहेरच्या पुलापर्यंत गेली, आचके देत थांबली. समोरचं बटण मागच्या टाकीवर फिरवलं, तशी गुणी बाळासारखी घरी आली.

"फिल्टर तुंबलाय."

"अरे, फिल्टर दोन्ही टाक्यांना मिळून एकच आहे ना?" आर्डिस म्हणाली. "तो तुंबला तर मागच्या टाकीवर कशी चालते?"

"तू तुझी भाकरी-पोळी बघ."

फिल्टर बदलला. गाडी पुन्हा पुलापर्यंतच गेली. तो पूल आता त्यांना पाहुणे समजू लागला असावा.

रविवारी आर्डिसचा भाऊ मिलार्ड जेवायला आला. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. ऐकून तो म्हणाला, "दाजी, दोन टाक्यांत दोन वेगळे पंप असतात. टाकीचं झाकण उघडून तोंडाशी कान लावा, मी किल्ली फिरवतो. चांगला पंप गुणगुणतो."

"आता चष्मेवाला मला इंजिन शिकवणार!"

"डोळ्यांचं काम नाहीये दाजी, कानांचं आहे."

हार्लनने कान लावला नाही. आर्डिसने लावला. मागची टाकी मधमाशीसारखी गुणगुणली. पुढची जराशी कण्हली आणि गप्प झाली.

"मेला की रे हा," आर्डिस म्हणाली.

"तुम्हा भावंडांना भास होतात," हार्लन म्हणाला आणि नवीन वायरी आणायला गेला. जाताना पुढची टाकी काठोकाठ भरून घेतली. वायरी बदलल्यावर तिच्यावरच तर गाडी पळवून दाखवायची होती! ती पळाली, पण पुलापर्यंतच.

शनिवारी गावाच्या वर्धापनदिनाची मिरवणूक होती. हार्लनच्या पिकअपने चर्चच्या बायकांचा गाडा ओढायचा होता. गाड्यावर तापलेला तवा होता, पिठाची परात होती आणि ॲप्रन बांधलेल्या चार बायका बटाट्याच्या पातळ पोळ्या, म्हणजे लेफ्से, लाटत उभ्या होत्या. आर्डिस हार्लनच्या शेजारी बसली. बँकेच्या कोपऱ्यावर गाडीने मान टाकली.

"मागच्या टाकीवर घे," आर्डिस म्हणाली.

"घेतलेलीच आहे," हार्लन पुटपुटला. "पेट्रोल संपलं तिच्यातलं."

आर्डिसच्या लक्षात आलं. आठवडाभर दर वेळी पुलावरून घरी आणलं होतं ते मागच्याच टाकीने. म्हणजे जिचा पंप धडधाकट ती कोरडी, आणि जी काठोकाठ भरलेली तिचा पंप मेलेला. इतकं चोख नियोजन त्यांच्या संसारात पहिल्यांदाच झालं होतं.

हार्लनने मुकाट्याने बटण पुढच्या टाकीकडे फिरवलं. किल्ली फिरवली. काही नाही. मागे शाळेचा बँड अडला आणि जागच्या जागी पाय आपटत तीच धून वाजवू लागला. गर्दीतून मिलार्ड ओरडला, "दाजी, टाकीला खालून ठोका! लाकडाने!"

गाड्यावरच्या थोराल्डबाईंनी आपलं लाटणं खिडकीतून आत दिलं. "घ्या. पण धुऊन परत द्या."

इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला हार्लन रस्त्यावर आडवा झाला आणि गाडीखाली सरपटला. आर्डिस स्टिअरिंगमागे सरकली. ठक, ठक, ठक! पंप कण्हला, इंजिन धडाडलं, हार्लन कसाबसा बाहेर लोळला. गाडी पोस्टापर्यंत गेली आणि थांबली. तव्यावरच्या पोळ्या पुढच्या बायकांच्या खांद्यावर आल्या. पुन्हा हार्लन खाली. पुन्हा ठक ठक. न्हाव्याच्या दुकानापाशी तिसऱ्यांदा थांबली तेव्हा लोक ठेक्यात टाळ्या देत होते आणि बँडच्या ढोलवाल्याने लाटण्याशी ताल जुळवला होता.

"आपण किती हास्यास्पद दिसतोय!" गाडीखालून हार्लन फुसफुसला.

"आपण नाही," आर्डिस म्हणाली. "मी सीटवर बसलेय."

मिरवणुकीतल्या सर्वोत्कृष्ट विनोदी देखाव्याची बक्षिसाची निळी फीत त्यांनाच मिळाली. हार्लन ती घ्यायला गेला नाही. सोमवारी त्याने आणि मिलार्डने पुढची टाकी उतरवली, नवा पंप बसवला आणि पिकअप पूल ओलांडून थेट शेजारच्या गावात जाऊन आला.

दुसऱ्या दिवशी कॅफेत हार्लन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होता, "टाकीच्या तोंडाला कान लावला नि एका झटक्यात ओळखलं. पंप! आता एवढं जमायला कान तयार लागतो म्हणा."

मिलार्डने बोलायला तोंड उघडलं. आर्डिसने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. "बोलू दे त्याला," ती हळूच म्हणाली.

शनिवारी सकाळी ट्वेटांच्या अंगणात पाच जुने पिकअप रांगेत उभे होते. सगळ्यांत पुढे पाद्रीबुवा होते. "हार्लन, तुझ्या कानाबद्दल ऐकलं म्हणून आलो," ते म्हणाले. नाही म्हणायची सोय नव्हती.

आर्डिस कॉफीचा कप घेऊन पायरीवर बसली. पाद्रीबुवांच्या गाडीखालून हार्लनचे फक्त बूट दिसत होते, आणि त्याचा वैतागलेला आवाज येत होता.

"कमाल आहे लोकांची! जरा कान लावून ऐकायचं, तर तेवढंही होत नाही यांच्याकडून!"