डब्यानं सांगितलेलं नाव

नल्लकुंट्यातल्या त्या तीन मजली इमारतीत शेजारचा डबा रिकामा परत करायची पद्धत नव्हती. अनारसे गेले की उडदाचे वडे, म्हणजे गारेलू, यायचे, चकल्या गेल्या की शीरखुर्मा यायचा. फक्त ते ज्या डब्यातून यायचं, तो डबा भलताच असायचा. रजनीबाईंचा पितळी कडीचा डबा असाच गेला होता. आणि तो त्यांना ज्यांनी भेट दिला होता, त्या नणंदबाई अनुराधा आज संध्याकाळी नांदेडहून यायच्या होत्या.

"वन्सं चप्पल काढायच्या आधी डबा विचारतील," रजनीबाई म्हणाल्या. "मग आठ दिवस तेच ऐका. तुमचीच बहीण!"

विठ्ठलराव सुनेच्या खोलीत सटकले. हर्षदा घरूनच कंपनीचं प्रोग्रामिंगचं काम करायची. संगणकाच्या पडद्यावर कोडच्या एका ओळीत एक नाव होतं आणि पुढे कंसात पुन्हा तेच नाव.

"हे काय गं? एकदा लिहून समाधान झालं नाही?"

"जेनेरिक आहे ते, बाबा. आपले डबेच समजा. एक मोठा साचा, त्यातून लाडवाचा डबा, चिवड्याचा डबा असे निघतात. मोठा साचा काही परत देताना नुसता 'डबा' म्हणून देतो, कुठला ते विसरतो. म्हणून प्रत्येक डब्यानं आपलं स्वतःचं नाव त्याला आधीच सांगून ठेवायचं. मग लाडवाचा डबा लाडवाचाच म्हणून परत येतो. पण यात एक..."

"म्हणजे डब्यानंच सांगायचं, मी कोण!" विठ्ठलराव उठलेच. चिकटपट्टी आणि पेन घेऊन ते जिना चढले आणि घरोघरी सांगत सुटले, "स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर नाव लिहा. पुन्हा घोळ नको."

सगळ्यांना कल्पना फार आवडली. रजनीबाईंनीही अकरा डब्यांवर नाव लिहिलं.

दुपारी वरच्या नसीमआपांनी हाक मारली. "विठ्ठलभाई, लिख डाली मैं! तीस डिब्बे निकले. मेरेकू मालूमइच नै था, इत्ते हैं बोलके!"

फळीवर पितळी कडीचा डबा होता. त्यावर ठसठशीत लिहिलं होतं, 'नसीम'.

विठ्ठलराव तोंड उघडणार तोच शेजारच्या तेलुगू पद्मागारू आत आल्या आणि फळीकडे बघून ओरडल्या, "अय्यो, वो चार तो मेरे हैं!" मग त्या खाली गेल्या. रजनीबाईंच्या अकरातले पाच त्यांचे निघाले. तासाभरात जिन्यावर डब्यांची रांग लागली. प्रत्येकावर नाव होतं आणि प्रत्येकावर भांडण होतं.

विठ्ठलराव घाम पुसत सुनेकडे आले. "तुझ्या डब्यानं दुसऱ्याचंच नाव सांगितलं तर?"

"तेच तर सांगत होते! लाडवाच्या डब्यानं कंसात चिवड्याचं नाव लिहिलं, तरी चालून जातं. खरं-खोटं कुणी तपासत नाही. लिहिणाऱ्यानंच नीट लिहायचं."

"मग सकाळी का नाही बोललीस?"

"तुम्ही थांबलात कुठे?"

इतक्यात नसीमआपा पितळी कडीचा डबा घेऊन आल्या. "भाभी बोले ये उनका है. पण नीचे कुछ खोदेला है, देखो. चश्मा नै मेरे पास."

डबा उलटा करून आजवर कुणी पाहिला नव्हता. विठ्ठलरावांनी तळावरची कोरलेली अक्षरं बोट फिरवत लावली. सौ. शकुंतला देशपांडे, परभणी.

"ह्या कोण?" रजनीबाईंनी विचारलं. विठ्ठलरावांनाही तेच जाणून घ्यायचं होतं. त्यांच्या सात पिढ्यांत कुणी देशपांडे नव्हतं.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. अनुराधाबाई पिशव्या सांभाळत जिना चढल्या. "रजनी, माझा तो कडीचा डबा..."

"हा काय, ताई," विठ्ठलरावांनी डबा उलटाच पुढे केला. "आणि ह्या शकुंतला देशपांडे कोण गं?"

अनुराधाबाईंनी तळ पाहिला, मग छताकडे पाहिलं. "चहा टाक गं रजनी आधी. प्रवासानं डोकं दुखतंय."

आठ दिवस डब्याचा विषय निघाला नाही. निघताना रजनीबाईंनी नणंदेला भरपूर लाडू बांधून दिले. कागदाच्या पुड्यात.