दमणारी सनई

मेहुणीच्या लग्नात माझ्याकडे एकच काम होतं, भागोजी सनईवाल्याला सांगून ठेवायचं. ते मी उद्यावर टाकत गेलो आणि मे महिना उजाडला. (मी रत्नागिरीला सरकारी कचेरीत कारकून आहे. उद्या हाच आमचा कामाचा दिवस.) भागोजीकडे गेलो तर त्या मुहूर्ताला तो राजापुरात अडकलेला, आणि बाकीचे सनईवालेही कुणी ना कुणी आधीच ठरवून टाकलेले.

तेव्हा मला घरातला कॉम्प्युटर आठवला. बोटीवर नोकरीला असलेल्या माझ्या मेहुण्याने, हरिश्चंद्रने, तो परदेशातून आणून आमच्या टीव्हीला जोडून दिला होता. सुरांचे आकडे टाइप केले की तो वाजायचा. सासऱ्यांनी, म्हणजे आत्मारामनानांनी, मात्र सुगावा लागताच बजावलं.

"जावयबापू, लग्नात तो डबा आणलात तर मी मांडवातून उठून जाईन. सनईला माणूस हवा."

"माणूसच आहे, नाना," मी म्हणालो. (खोटं बोलताना मी थोडक्यात आटपतो.)

आठ दिवस रजा टाकून मी आकडे टाइप केले आणि कॅसेटवर साठवले, कारण बंद केला की तो डबा सगळं विसरायचा. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा माझी बायको राही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, मिक्सर बंद करा, जळेल तो."

शेवटी लाज सोडून भागोजीलाच घरी बोलावलं. त्याने डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं.

"सायेब, सूर पायरीपायरीनं चढत नाय, घसरत जातो," तो म्हणाला. "आनि मानूस दमतो वो. तुमचा हा दमतच नाय, मग खरा कसा वाटंल?"

मी कॉम्प्युटरला दमायला शिकवलं. दोन सुरांच्या मध्ये बारीक बारीक सूर भरून घसरण केली, प्रत्येक ओळीनंतर श्वासापुरतं थांबवलं, लांबलेल्या सुराला शेवटी थरथर दिली आणि तिसऱ्या ओळीत खरखर घालून तंबाखूचा खोकला बसवला. राही बाहेर डोकावून म्हणाली, "कोण आलंय?" नोकरीत कायम झालो तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

लग्नाच्या दिवशी मांडवालगतच्या खोलीत सगळं सामान मांडलं आणि खिडकीला पडदा लावला. सनईवाल्याला दृष्ट लागते, असं सांगून कुणाला आत येऊ दिलं नाही. खोकला ऐकून नानांनी समाधानाने मान डोलावली. सासूबाईंनी पडद्याखालून चहा सरकवला. (तो मी प्यायलो.) मग लाडू आला. (तोही माझाच.)

नवरदेवाचे दादूकाका मात्र खोडकर. सनईवाल्यापुढे आंबट खाल्लं की त्याच्या तोंडाला पाणी सुटतं आणि सनई बंद पडते, हा त्यांचा प्रत्येक लग्नातला खेळ. ते खिडकीशी बसून तिखटमीठ लावलेली कैरी कराकरा चावू लागले. सनई तसूभर ढळली नाही.

"गडी पक्का हाय," ते म्हणाले.

मंगलाष्टकं सुरू झाली तशी मी सनई थांबवली. अक्षता पडताच पुन्हा बटण दाबायचं होतं. तेवढ्यात खाली मिरकरवाड्याच्या बंदरात बर्फाचा कारखाना सुरू झाला आणि आमचे दिवे क्षणभर जाऊन परत आले. त्या एका क्षणात कॉम्प्युटर सगळं विसरला. आता कॅसेटवरून पुन्हा भरायला वीस मिनिटं, आणि बाहेर शेवटचं "सावधान" झालेलं.

"वाजवा, वाजवा," लोक म्हणाले. मग नानांचा आवाज आला, "काय झाला वो?"

मी नाक दाबून तोंडानेच सुरू केलं, "पींऽ पीपींऽऽ". घसरण, श्वास, थरथर, सगळं मला पाठ होतं. पण दादूकाकांनी दुसरी कैरी काढली. पहिल्या चाव्यालाच माझं तोंड भरून आलं, सूर गुळगुळत खाली गेला आणि "पुळुक" असा आवाज होऊन सनई बंद पडली.

नाना नारळ-विडा घेऊन खोलीत आले. मागोमाग दादूकाका. आत मी, टीव्ही आणि डबा.

"सनईवाला कुठाय?"

"गेला. राजापूरची गाडी होती."

"म्हणून शेवटी हा डबा लावलात. मला बाहेर कळला," नाना म्हणाले. "आधी वाजवीत होता तो माणूस. डबा कितीही केला तरी माणसासारखा वाजायचा नाय. अक्षता पडल्या तरी गप्प बसतो." त्यांनी नारळ माझ्या हातात दिला. "हा त्याला पोचवा."

दादूकाका मात्र विचारात पडले होते. "पण नाना, डबा कैरीला बंद कसा पडला?"

नानांनी आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जावयबापूंनी चालवलेला ना तो," ते म्हणाले.