हवालदाराची टोपी आणि मल्हारीची मेटॅडोर

"दंड? अन् म्या भरू? अरे हट! सुप्रीम कोर्टापर्यंत जाईन, पण गुन्हा कबूल करणार नाय!"

करमाडच्या चहाच्या टपरीवर मल्हारीनं ही डरकाळी फोडली, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या हातातल्या कपबशा जागच्या जागी थांबल्या. सुप्रीम कोर्ट नेमकं कुठं आहे हे मल्हारीला ठाऊक नव्हतं. जालन्याच्या पुढं कुठंतरी असावं, एवढाच त्याचा अंदाज. पण माणूस तापला की असले बारीक हिशेब करत बसत नाही!

मल्हारी हा बानाबाईचा एकुलता एक लेक. बापजाद्यांनी मेंढरं वळली. यानं काठी ठेवली आणि चिकलठाण्याच्या एमआयडीसीत पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका कंपनीत हमाल म्हणून शिरला. माल उतरवायला गाडीबरोबर जायचा तेव्हा ड्रायव्हरशेजारी बसून गिअर कसा टाकतात ते डोळे फाडून बघायचा. मग लायसन काढलं, आणि जुना ड्रायव्हर नोकरी सोडून गेला तसा हा पठ्ठ्या थेट कंपनीच्या मेटॅडोरवर जाऊन बसला. हात अजून कच्चा होता, नोकरीही कच्ची होती. कंपनीच्या पर्सनल खात्याच्या साहेबांनी बजावलं होतं, "दिवाळीपर्यंत तुझी एक तक्रार कानावर आली नाही पाहिजे. मग परमनंट!"

परमनंट! या एका शब्दासाठी मल्हारी स्वप्नातसुद्धा हात दाखवून वळायचा.

ते दिवसच असे होते की औरंगाबादेत एमआयडीसीत रोज नवी शेड उभी राहत होती आणि रस्त्यावर रोज विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा निघत होता. भिंतीभिंतीवर घोषणा, चौकाचौकात बंदोबस्त. अशाच एका बंदोबस्ताला पुंडलिक हवालदार सिडकोच्या अलीकडं, रस्त्यालगतच्या एका शाळेसमोर उभा होता. मोर्चा भलत्याच रस्त्यानं गेला. हवालदाराला काम उरलं नाही, म्हणून तो शाळा सुटायच्या वेळी पोरांना रस्ता ओलांडून देत होता. आणि नेमका तेव्हाच जालन्याला माल पोचवून मल्हारी परत आला!

माल उतरवून हलकी झालेली मेटॅडोर अशी काही आली, की हवालदाराची टोपी डोक्यावरून उडाली ती थेट शाळेच्या कंपाउंडात.

"ए भाई! साइड में ले! लायसन काढ!"

मल्हारीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "का वो हवालदारसाहेब, काय झालं?"

"काय झालं? डोक्याकडं बघ माझ्या! 'पुढे शाळा आहे, सावकाश जा' हा बोर्ड दिसला नाही का?"

"दिसला की. म्या सावकाशच होतो."

"सावकाश? अरे, काटा किती होता तुझा?"

आता हा काट्याचा प्रश्न अडचणीचा होता. गाडी पहिल्यांदा दारात आली त्या दिवशी बानाबाईनं तिची पूजा केली होती. चाकाखाली लिंबू ठेवून झालं, नारळ फुटला, आणि वेग दाखवणाऱ्या काचेमागं तो लाल काटा थरथरताना दिसताच तिला वाटलं, गाडीचा जीव हाच! तिनं त्या काचेवर हळदीकुंकवाचा असा जाड मळवट भरला, की त्या दिवसापासून काटा वीसवर आहे की साठावर हे फक्त खंडोबालाच ठाऊक.

हवालदारानं पावती फाडायला काढली. पण मल्हारीला चांगलं माहीत होतं, की गुन्हा कबूल केला की तो लायसनवर चढणार, लायसन पर्सनलच्या साहेबांपुढं जाणार, आणि परमनंट गेलंच चुलीत! म्हणून तो म्हणाला, "मला कबूल नाय. कोर्टात बघू!" हवालदारानं कंपाउंडातून पोरांनी आणून दिलेली टोपी झटकली आणि म्हणाला, "बघू की."

वकील केलं काकासाहेबांना. वैजापूरचं बागायतदार घराणं, भारदस्त शरीर आणि त्याहून भारदस्त आवाज. "मल्हारी, तू काळजीच सोड! त्या हवालदाराला उलटतपासणीत असा पिळतो, की स्वतःचं नाव विसरेल. गाडीत तुझ्याबरोबर कोण होतं?"

"आई होती."

"वा! मग आई साक्षीदार!"

मल्हारीचे डोळे पांढरे झाले. आई गाडीत होती हेच तर मुळात कुणाला कळायला नको होतं! कंपनीच्या गाडीत बाहेरचं माणूस बसवायची सक्त मनाई होती. पण काकासाहेब ऐकतात होय! आईला फक्त एकच शब्द बोलायचा होता. गाडी हळू होती ना? "व्हय." संपलं.

मल्हारी महिनाभर आईकडून घोकून घेत होता. "आई, गाडी हळू व्हती?" "व्हय." "बास, पुढं एक अक्षर बोलायचं नाय." "व्हय रं माझ्या राजा, किती येळा सांगशील?" मोर्चामुळं एक तारीख पुढं गेली, बंदमुळं दुसरी गेली, आणि शेवटी तिसऱ्या तारखेला पुकारा झाला.

मल्हारी कोर्टात शिरला आणि दारातच थिजला. पहिल्या बाकावर पर्सनलचे साहेब! गाडी कंपनीच्या नावावर, म्हणून कोर्टानं गाडीचे कागद मागवले होते आणि ते कागद घेऊन साहेब स्वतः आले होते. मल्हारी घाईनं नमस्कार करून काकासाहेबांच्या झग्याआड सरकला.

हवालदारानं साक्ष दिली. टोपी कशी उडाली, कुठं पडली, सगळं. काकासाहेब उठले. "हवालदार, तुम्ही वेग कशानं मोजला?"

"ह्या डोळ्यांनी साहेब. अन् टोपीनं."

कोर्टात खसखस पिकली. काकासाहेबांनी झगा सावरला आणि हुकमाचं पान टाकलं. "महाराज, त्या दिवशी नामांतराच्या मागणीसाठी शाळा-कॉलेजं बंद होती! शाळाच बंद, तर शाळेसमोरचा रस्ता हा नुसता रस्ता! सावकाश जायचा प्रश्न येतोच कुठं?"

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "बंद दुसऱ्या दिवशी होता, वकीलसाहेब. माझीच मुलगी त्या शाळेत आहे. त्या दिवशी घरी येऊन ती आम्हाला सांगत होती की एका पोलिसकाकांची..." इथं त्यांना एकदम आपण कोण आहोत हे आठवलं. ते खाकरले. "ते असो. पुढे चला. आरोपी, तुझ्या गाडीचा काटा किती होता?"

"साहेब, काटा दिसत नाय."

"का?"

"वरून कुंकू लावलंय. आईनं."

"मग पुसायचं!"

"देवाचं कुंकू कसं पुसू साहेब?"

पर्सनलच्या साहेबांनी कपाळाला हात लावला. पण काकासाहेब असे हार मानणारे नव्हते. त्यांनी आवाज आणखी चढवला.

"महाराज! माझ्या अशिलाकडे एकदा बघा! कालपरवापर्यंत मेंढरांमागं चालणारा हा पोरगा. हा गाडी जोरात चालवेल? याला गाडी धड चालवताच येत नाही! दुसरा गिअर टाकताना याचे हात कापतात. सायकलवाले याला मागं टाकतात! माझं म्हणणं आहे, हा इसम मनात आणलं तरी जोरात गाडी चालवू शकत नाही!"

मल्हारी हबकला. पर्सनलच्या साहेबांसमोर आपलाच वकील म्हणतो, याला गाडी येत नाही! सुटलो तरी मेलो आणि अडकलो तरी मेलो! आणि मग त्याची नजर आईकडं गेली. बानाबाईचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा लाल झाला होता. तो खुणा करायला लागला, पण तेवढ्यात पुकारा झाला आणि ती पदर खोचून पिंजऱ्यात उभी राहिली.

काकासाहेब साखरेसारख्या गोड आवाजात म्हणाले, "मावशी, तुमचा मुलगा गाडी अगदी हळू चालवतो, हो ना?"

"नाय!"

काकासाहेबांच्या हातातला कागद खाली पडला.

"मावशी, नीट आठवा..."

"काय आठवू? तुमी आमचे वकील हाव का त्या पोलिसाचे? तवापासून ऐकायलेय! माझ्या लेकाला गाडी येत नाय? सायकलवाला त्याला मागं टाकतो? आवं, त्या दिशी त्यानं जालन्याची यष्टी मागं टाकली, यष्टी! यष्टीत माझी जाऊ बसली व्हती, म्हाळसाबाई. खिडकीतनं आमच्याकडं बघून हसली. म्या म्हणलं, मल्हारी, हाण! अन् त्यानं जी हाणली, जी हाणली, की म्हाळसाबाईचं त्वांड बघायला मी मागं वळले तर यष्टी दिसतच नव्हती!"

"आई!" मल्हारीच्या तोंडून किंकाळीच निघाली.

"तू गप! देवासारख्या मानसापुढं खोटं बोलू का? साहेब, गाडी लई जोरात व्हती. खोटं वाटत असंल तर शेळीला इचारा!"

"कोणती शेळी?" न्यायाधीश आणि पर्सनलचे साहेब एकदमच बोलले.

"आमचीच की. पोट फुगलं व्हतं तिचं, जनावराच्या दवाखान्यात न्यायची व्हती. मागं डब्याच्या जागी बांधली व्हती. बिचारी शाळेपर्यंत धडपडतच आली!"

पर्सनलच्या साहेबांनी वहाणेच्या अंगठ्याकडं बघायला सुरुवात केली. काकासाहेब खाली बसले आणि त्यांनी उगाच दुसऱ्याच खटल्याचे कागद चाळायला घेतले. हवालदार पुंडलिक मात्र बानाबाईकडं असा बघत होता, की आत्ता उठून पाया पडेल.

न्यायाधीशांनी मल्हारीला विचारलं, "रस्त्यात मेंढरांचा कळप आला तर काय करतोस?"

"थांबतो साहेब. हॉर्नबी वाजवत नाय. बिचकत्यात."

"आणि पोरांचा?"

मल्हारीच्या डोळ्यांसमोर एकदम ती दप्तरवाली पोरं आली, हवालदारानं साक्षीत सांगितलं तशी, हात आडवा धरून मागं रेटलेली. त्या दिवशी यष्टीच्या नादात त्यानं ती बघितलीच नव्हती! इतके दिवस तो नोकरी जाईल म्हणून भीत होता, आणि भ्यायचं ते भलतंच होतं. तो हळूच म्हणाला, "चुकलो साहेब. गुन्हा कबूल हाय."

दंड झाला, लायसनवर नोंद झाली. बाहेर व्हरांड्यात पर्सनलचे साहेब एवढंच म्हणाले, "उद्या ऑफिसात ये." त्या आवाजात ना राग होता ना लोभ, आणि तेच जास्त भयंकर वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मल्हारी स्वतःची टोपी हातात घेऊन साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिला. साहेबांनी एक कागद पुढं सरकवला. मल्हारीनं तो वाचला. मग परत वाचला.

"साहेब... ह्यात तर परमनंट लिवलंय!"

"लिहिलंय. तू खोटं बोललास, पण तुझ्या आईनं शेळीसकट सगळं खरं सांगितलं. अशा बाईच्या मुलाला घरी बस म्हणायला माझी जीभ वळेना. पण तुला रस्त्यावर सोडायचीसुद्धा माझी छाती नाही! खालची ओळ वाच."

खालच्या ओळीत लिहिलं होतं, की मल्हारीनं यापुढं गोडाउनमधली बॅटरीची ट्रॉली चालवायची. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. ही ट्रॉली अशी पळायची, की शेजारून चालणारा हमाल पलीकडं पोचून, बिडी ओढून, तिची वाट बघत बसायचा.

तर अशा रीतीनं मल्हारी परमनंट झाला. ट्रॉलीचं त्यानं करमाडात कुणाला सांगितलं नाही. पण दिवाळी झाली आणि सोयगावहून पाहुणे मुलीचं बोलणं करायला आले. मुलीचा बाप चौकस निघाला.

"पोरगा ड्रायव्हर हाय म्हणता, पण रस्त्यावर गाडी चालवताना तर कधी दिसला नाय?"

मल्हारीनं चहाची बशी खाली ठेवली. आता खरं सांगायचं की काय करायचं! त्यानं आईकडं बघितलं. बानाबाईनं शांतपणे पाहुण्यापुढं लाडू सरकवला आणि छाती फुगवून म्हणाली, "दिसंल कसा? कोर्टानं, साहेबानं, समद्यांनी मिळून ठरवलंय. ह्याची गाडी लई जोरात पळती. रस्त्यावर काढायचीच नाय, भिंतीच्या आतच पळवायची!"