अण्णांचा राखीव शब्द

आमच्या मिलचे हेडक्लार्क अण्णा एक इंग्रजी शब्द जिवापाड जपत. तो शब्द म्हणजे ‘रिलायेबल’. नोकरीसाठी सर्टिफिकेट मागायला कुणी आला की म्हणत, “‘गुड’ घे, ‘ऑनेस्ट’ घे, लईच नड असंल तर ‘सोबर’ बी घे. त्यो शब्द मागू नगं!” लिहायचं इंग्रजी गोऱ्या साहेबाला लाजवील असं, आणि बोलायची मराठी थेट अक्कलकोटकडची.

“ऑनेस्ट म्हंजे चोरी करत न्हाय. ती तर ही भिंत बी करत न्हाय की! रिलायेबल म्हंजे ज्याची वाट बघावी आन् त्यो यावा.”

आहे का या व्याख्येला तोड? मला तरी कुठल्या डिक्शनरीत सापडली नाही.

शब्द हवाच असेल तर परीक्षा असे. एकवीस दिवस रोज सकाळी सातच्या आत त्यांच्या खोलीवर दात घासायला कडुनिंबाची ताजी काडी पोचवायची. आठवण ते करणार नाहीत. भलेभले चौथ्या दिवशी गळाले. एका जॉबरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, तर अक्कल लढवून एकवीस काड्यांची मोळीच पहिल्या दिवशी आणून टाकली! अण्णांनी ती सरळ चुलीत घातली.

माझं नशीब बघा! मिलच्या धुराने माझ्या पोरीचा खोकला हटेना, म्हणून मला कुर्डुवाडीची रेल्वेतली नोकरी हवी होती. तिथल्या साहेबाला नेमका तोच शब्द हवा! मनातल्या मनात शिव्या हासडत अठरा दिवस काड्या पोचवल्या. अण्णा चहा पाजत, पोरीची चौकशी करत. त्यांची बायको वारल्यापासून त्या घरात दुसरी कपबशी निघाली नव्हती म्हणे.

एकोणिसाव्या दिवशी पोर तापाने फणफणली आणि माझं जाणं राहिलं. दुपारी ताप उतरल्यावर मी भांडायच्या तयारीनेच त्यांच्या खोलीवर गेलो. रविवार होता. अण्णा उंबऱ्यावर बसलेले. चहा नाही, आंघोळ नाही.

“पोर आजारी हाय व्हय?”

मी मान हलवली. ते आत गेले आणि सर्टिफिकेट आणून माझ्या हातात दिलं. त्यात तो शब्द होता. तारीख सोळा दिवसांपूर्वीची!

“अहो अण्णा, मग तेव्हाच का नाही दिलंत?” मी कडाडलो.

अण्णांनी मान खाली घातली.

“चुकलं माजं, लेका. पर दिलं असतं तर तू यायचा थांबला असतास की.”